पिवळीची सासू

जंतूकाकांना हे नाव त्यांच्या इमारतीतल्या मुलांनी ठेवलं आणि मोठ्यांनी चालू ठेवलं. सुरुवातीला मोठी माणसं निदान तोंडावर तरी 'सर' म्हणत. मग एकदा गॅसवाल्यानं खालून "ओ जंतूकाका, सिलिंडर" अशी हाक मारली, काकांनी वरून "आलो आलो" म्हटलं, आणि नावावर शिक्कामोर्तब झालं. काकांना त्याचं काही वाटलं नाही. कुणी चिमटा काढला तरी पाठ थोपटली असं समजणारा माणूस. आपल्या कामाची लोकांना एवढी तरी कल्पना आहे, याचा त्यांना थोडा अभिमानच वाटला.

काका ज्या संशोधन संस्थेत नोकरीला होते, ती दोन मजली. खालच्या मजल्यावर शेतीतल्या जंतूंचा अभ्यास, वरच्या मजल्यावर माणसाच्या आजारांचा. खालचे जंतू वाढवायचे आणि वरचे मारायचे, अशी सोपी वाटणी होती. दोघांचं एकमेकांविषयीचं मतही तितकंच सोपं होतं. वरच्यांच्या लेखी खालचे म्हणजे पांढरे कोट घातलेले माळी. खालच्यांच्या लेखी वरचे म्हणजे पोलीस, ज्यांना रस्त्यानं जाणारा प्रत्येक जंतू चोर दिसतो. भांडायला दोघांच्यात एकच सामाईक वस्तू होती, ती म्हणजे खालच्या मजल्यावरचा ऑटोक्लेव्ह. हा प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. त्यात घातलेला जंतू जिवंत बाहेर येत नाही. पाळी कुणाची यावरून आठवड्यातून एकदा तरी जिन्यात आवाज चढायचे. वरून बोलायला वरच्या मजल्याच्या प्रमुख डॉक्टरबाई स्वतः यायच्या. त्यांना सगळे 'वरच्या बाई' म्हणत, आणि त्या खाली आल्या की खालची माणसं उगाचच टेबलं पुसू लागत.

आता पिवळीबद्दल सांगायला हवं, कारण काकांबद्दल सांगायचं म्हणजे तिच्याबद्दलच सांगायचं.

बऱ्याच वर्षांपूर्वी काका एक शेत बघायला गेले होते. मुळांना कुज लागून अख्खं शेत माना टाकून पडलं होतं, आणि मधोमध एकच झाड ताठ उभं. त्याला बातमीच पोचली नव्हती म्हणा ना. काकांनी काय करावं? ते एकुलतं एक जिवंत झाड मुळासकट उपटलं आणि पिशवीत घातलं. शेताच्या मालकाच्या तोंडाकडे बघायची त्या वेळी सोय नव्हती. पण त्या झाडाच्या मुळाभोवतीच्या मातीत काकांना एक जिवाणू सापडला. काचेच्या बशीत वाढवला की त्याचे लोण्यासारखे मऊ पिवळे ठिपके उठायचे, आणि मुळं कुजवणारी बुरशी त्या ठिपक्यांच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. संस्थेच्या दप्तरी त्याला एक लांबलचक क्रमांक मिळाला. काकांनी नाव ठेवलं पिवळी.

पिवळीत एकच खोट होती. कुंडीत ती वाघ आणि शेतात शेळी. प्रयोगशाळेत बुरशीला पळता भुई थोडी करायची, आणि उघड्या शेतात सोडली की चार दिवसांत गुडूप. काकांचं अर्धं आयुष्य या एका दुखण्यात गेलं. तिला कशाकशात मिसळून पाहिलं, वाळवून पाहिलं, थंडीत ठेवलं, उन्हात ठेवलं. कोणत्या औषधानं मरते, कोणत्या मिठानं रुसते, सगळं करून झालं. शेवटी तिची अशी एक भुकटी जमली, की पेरणीबरोबर टाकली तर पिवळी पीक निघेपर्यंत जमिनीत टिकायची. तोवर काकांचे केस पिकले होते आणि लग्न राहून गेलं होतं.

लग्नाचं दुःख काकांपेक्षा त्यांच्या आईला जास्त होतं, पण आई दुःख करत बसणाऱ्यातली नव्हती. शेजारणींना ती सांगायची, "लोकांकडे सून दारातून येते, आमच्याकडे बाटलीतून आली. बोलत नाही, भांडत नाही, कपाटात पडून असते. अजून काय पाहिजे?"

सून बाटलीतून घरी आली हे मात्र अक्षरशः खरं होतं, आणि ते व्हायला नको होतं. काकांच्या प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती, 'येथील कोणतीही वस्तू घरी नेऊ नये', आणि ती खुद्द काकांच्या वळणदार अक्षरात होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान. आईनं घराच्या गॅलरीत कुंड्यांमधून टोमॅटो आणि मिरच्या लावल्या होत्या. वारा येतो म्हणून गॅलरीला काचा बसवून घेतल्या होत्या. एकदा तिथल्या रोपांची मुळं कुजायला लागली. आईचा चेहरा उतरला, आणि तो काही काकांना बघवेना. दुसऱ्या दिवशी ते डब्याच्या पिशवीतून पिवळीची एक बाटली घेऊन आले. पाण्यात चमचाभर घालायची, फवारणीच्या बाटलीत भरायची आणि पानामुळांवर मारायची, असं त्यांनी आईला शिकवलं. रोपं उभी राहिली. मग दर काही महिन्यांनी नवी बाटली येऊ लागली, आणि आई रोज सकाळ-संध्याकाळ फवारा मारू लागली. टोमॅटो असे लगडले, की शेजारपाजाऱ्यांना वाटून उरायचे. "सुनेच्या हाताला गुण आहे हो," आई म्हणायची.

आईला जुना दमा होता. थंडीत खोकला यायचा आणि थंडीबरोबर जायचा. या वर्षी थंडी गेली, खोकला राहिला. डॉक्टरांनी एक पातळ औषध दिलं, मग दुसरं दिलं, मग खोकल्याबरोबर पडणारा कफ तपासून घ्या म्हणाले.

नेमक्या त्याच दिवसांत पिवळीचीही तपासणी निघाली. भुकटी शेतकऱ्यांच्या हातात जाण्याआधी ती माणसांना निर्धोक आहे असं पत्र लागतं. ते पत्र द्यायचं होतं वरच्या बाईंनी. बाकी सगळे कागद झाले होते. पत्र मिळालं की पिवळी हजारो शेतांत जाणार, आणि नाही मिळालं तर काकांच्या अर्ध्या आयुष्याची रद्दी. काकांना धास्ती कसली ती नव्हती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वरच्या मजल्यावरचे जंतू गुंड असतील, आपली पिवळी घरंदाज.

संस्थेत एक जुनी रीत होती. कुणाच्याही घरचं काही तपासायचं असलं, की तो नमुना डब्याच्या पिशवीतून आणून वर द्यायचा. घरचंच काम. तेव्हा काकांनी एका सकाळी पिवळीची बाटली आणि आईच्या कफाची बाटली अशा दोन्ही वर नेल्या.

"एकाच पिशवीत?" वरच्या बाईंनी विचारलं.

"वेगवेगळ्या खणांत आहेत."

"आणि जेवणाचा डबा?"

"तो मधल्या खणात."

वरच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मग हातमोजे चढवून दोन्ही बाटल्या उचलल्या आणि काकांना डबा खाली न्यायला सांगितलं.

काही दिवसांनी त्यांनी काकांना वर बोलावलं. टेबलावर दोन काचेच्या बशा होत्या. दोन्हींत तेच मऊ पिवळे ठिपके.

"ही तुमची," बाई म्हणाल्या, "आणि ही आईंच्या कफातली. मी दोघींच्या जनुकांची ओळखपरेड घेतली. एकच आहे."

काकांनी दोन्ही बशा जवळ ओढून पुन्हा पुन्हा पाहिल्या. बाईंनी मात्र हात झटकला. "घाबरू नका. तुमच्या बाटलीचं झाकण सैल होतं, मी तेव्हाच पाहिलं. गळून आईंच्या बाटलीला लागलं असणार. एका पिशवीतून आणल्यावर दुसरं काय होणार? तो नमुना बाद. बाकी तपासण्यांत तुमची पिवळी सरळ दिसतेय. मी निर्धोक म्हणून लिहितेय."

"आणि आईचं?"

"खोकला थांबला नाही तर परत पाठवा. वेगळ्या पिशवीतून."

काका जिना उतरले तेव्हा त्यांचे पाय पायऱ्यांना लागत नव्हते. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं झालं. जिला जगात कुणावर विश्वास नाही, त्या बाईनं पिवळीला चांगलं म्हटलं होतं. काकांनी वाटेत मिठाईचा पुडा घेतला. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला आपण होऊन हवापाण्याबद्दल विचारलं. शेजारी जरा घाबरलाच.

घरी आई गॅलरीत होती. काचा बंद होत्या. उतरतीचं ऊन तिरपं आत आलं होतं, आणि आई कुंड्यांवर वाकून फवारा मारत होती. एरवी दिसत नाही ते त्या उन्हात दिसलं. फवाऱ्याचे बारीक बारीक थेंब पानांवर न बसता हवेत तरंगत होते, आईच्या डोक्याभोवती, नाकातोंडाभोवती, आणि त्या धुक्यात उभी राहून आई खोकत होती.

काका पुडा हातात घेऊन तसेच उभे राहिले. हे दृश्य त्यांनी आजवर इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्यांना ते दिसायचं बंद झालं होतं. त्या एकेका थेंबात किती लाख पिवळ्या असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि दम्यानं थकलेल्या छातीत त्यांना अडवायला कोण होतं?

खरं सांगायचं तर पुढचा थोडा वेळ काका फार साधे वागले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि स्वतःशी वकिली करू लागले. झाकण सैल होतं. बाई स्वतः म्हणाल्या. एवढी मोठी डॉक्टर सांगते, तर शंका घेणारा मी कोण? मीही वर्षानुवर्षं पिवळीत हात घालतो, मला कुठे काय झालं? आणि झाकण आपण घट्ट लावलं होतं की नव्हतं, हे आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. म्हणजे सैल लावल्याचं आठवतंय का, एवढाच प्रयत्न केला.

आई खोकत खोकत आत आली. पदर तोंडाला धरून बराच वेळ खोकली, मग डोळे पुसून तिनं पुडा पाहिला.

"मिठाई कशाची रे?"

"अजून कशाची नाही," काका म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून फवारणीची बाटली काढून घेतली. "हे आता मारायचं नाही. आणि उद्या सकाळी उठलीस, की चूळ भरून एका बाटलीत खोकायचं."

"मागच्या वेळी नापास झाले का मी?"

"तू नाही," काका म्हणाले, आणि मिठाई न उघडता फडताळात ठेवली.

सकाळी भलताच पेच झाला. जो खोकला दिवसभर न बोलावता यायचा, तो बोलावल्यावर येईना. आई बाटली तोंडाशी धरून बसली आणि काका समोर. "असा बघत बसू नकोस, मला लाज वाटते," ती म्हणाली. काका भिंतीकडे तोंड करून बसले. तरी येईना. शेवटी काकांची ती पाठमोरी मूर्ती बघून आईला हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला आणि काम झालं.

त्या दिवशी काकांनी डबा नेला नाही. बाटली एका नव्या डब्यात बंद करून, दोन्ही हातांनी धरून, ते जिना चढले.

"झाकण घट्ट आहे का?" बाईंनी विचारलं.

"झाकणाचं राहू द्या. आधी एक ऐका. मी पिवळी घरी नेली होती. आई रोज तिचा फवारा मारते. बंद गॅलरीत. वर्ष होऊन गेलं."

बाईंनी बाटली हातात घेऊन बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या दारावर पाटी आहे."

"माझ्याच अक्षरात आहे."

"माहीत आहे. नवीन माणूस आला की मी त्याला ती पाटी बघायला खाली पाठवते." त्यांनी टेबलावरचा एक लिफाफा पुढे ओढला. "पत्र अजून गेलेलं नाही."

"पाठवू नका," काका म्हणाले.

माणूस इतकी वर्षं एखादी गोष्ट जिवापाड जपतो आणि तिचा निकाल दोन शब्दांत लावतो. काकांना ते शब्द बोलताना फार जड गेले, आणि बोलून झाल्यावर फार हलकंही वाटलं नाही. बाईंनी लिफाफा उभा फाडला.

नव्या नमुन्यातही पिवळीच निघाली. झाकण निर्दोष सुटलं. धडधाकट माणसाला तिच्यापासून काही होत नव्हतं, पण ज्याची छाती आधीच कमजोर, तिथे ती बिऱ्हाड थाटत होती. काकांनी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. कुंड्या बांधून संस्थेत नेल्या, गॅलरी धुतली आणि आईसमोर मान खाली घालून बसले.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "इतकी वर्षं रडत होतास, बाहेर टिकत नाही, टिकत नाही म्हणून. माझ्यात बरी टिकली."

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस."

"मग कशावारी नेऊ? लोकांच्या सुना डोक्यावर मिरे वाटतात, माझी छातीत बसून वाटतेय. एवढं वर्ष नांदली, मला पत्ता नाही." आणि पुन्हा तिला खोकल्याची उबळ आली. या खेपेला ती इतका वेळ टिकली, की थट्टा दोघांच्याही तोंडची पळाली.

आता प्रश्न एकच उरला. पिवळीला आईच्या छातीतून काढायचं कसं? वरच्या बाईंनी बशीत पिवळी पसरली आणि तिच्यावर औषधांच्या गोल टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती रिकामं वर्तुळ उठतं. दुसऱ्या दिवशी काका आणि बाई बघायला गेले. एकाही टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं. पिवळी प्रत्येक टिकलीला थेट भिडून ऐटीत वाढली होती. ती बशी पाहताक्षणी काकांच्या मनात 'शाबास' उमटलं. अगदी आपोआप, पोरानं कुस्ती मारल्यावर बापाच्या उमटावं तसं. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"नेहमीची सगळी झाली," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. ही आठी काकांनी आजवर फक्त ऑटोक्लेव्हच्या भांडणात पाहिली होती. पण आज ती त्यांच्यावर नव्हती.

काका चष्मा पुसत राहिले. पूर्वी पिवळीला दुसऱ्या जंतूंच्या गर्दीतून वेगळं काढायचं होतं, तेव्हा त्यांनी बशीत नाना औषधं घालून पाहिली होती. बाकीचे मरावेत आणि पिवळी जगावी, एवढाच हेतू. एका जुन्या औषधात मात्र पिवळीच पहिली मेली होती. त्या दिवशी काका जेवले नव्हते.

"एक औषध तिला आवडत नाही," ते म्हणाले.

"आवडत नाही म्हणजे?"

"मरते."

त्यांनी नाव सांगितलं. बाईंनी भुवया उंचावल्या. ते औषध आता कुणी फारसं वापरत नव्हतं. कोठारातून शोधून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या टिकलीभोवती रुपयापेक्षा मोठं, स्वच्छ वर्तुळ पडलं होतं. काठावर पिवळी होती, आत काहीच नव्हतं.

"तुम्ही तिला चांगलं ओळखता," बाई म्हणाल्या.

"वाढवलीय," काका म्हणाले.

डॉक्टरांनी ते औषध आईला सुरू केलं. आईनं ते कडू तोंड करून, नाना नावं ठेवून, पण एकही वेळ न चुकवता घेतलं. खोकला आधी विरळ झाला, मग तुटक. एक दिवस ती अख्खं भांडण खोकल्याशिवाय करू शकली. भांडण काकांशीच होतं, आणि ते हरले याचा त्यांना फार आनंद झाला. औषध संपल्यावर कफाची शेवटची बाटली वर गेली. या वेळी आईला हसवावं लागलं नाही, पण खोकायला मात्र तिला बरेच कष्ट पडले.

बाईंनी बोलावलं. बशी रिकामी होती. काकांनी ती उजेडाकडे धरली, तिरकी केली, नाकाशी नेऊन पाहिली.

"अजून दोन दिवस ठेवा," ते म्हणाले. "ती सावकाश येते. दुखावलेली असली तर फारच सावकाश."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं, तर बाईंनी त्याला जिना दाखवला असता. त्यांनी बशी परत उबेत ठेवली. दोन दिवसांनीही ती रिकामीच होती.

"एक बाटली माझ्याकडे द्या," बाई म्हणाल्या. "कुलपात राहील. पुढेमागे कुणाला झालीच, तर ओळख पटवायला लागेल."

काकांनी एक बाटली दिली. पिवळी आता वरच्या मजल्यावर, गुंडांच्या कपाटात राहायला गेली. बाकीच्या बाटल्या, बशा, भुकटीचे डबे, सगळं काकांनी स्वतः खाली ऑटोक्लेव्हमध्ये रचलं. मदतीला आलेल्यांना त्यांनी परत पाठवलं. त्या दिवशी पाळी वरच्या मजल्याची होती, पण वरून कुणी काही बोलायला आलं नाही. काकांनी झाकण लावलं, कडी फिरवली, बटण दाबलं. वाफेचा आवाज चढला तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला.

"काय रे, उगवली का?" आईनं विचारलं.

"नाही. काही नाही उगवलं. तू बरी झालीस."

"मग रडतोयस कशाला?"

काकांनी नाक ओढलं. "कळत नाही. आनंद झालाय गं. पण आत्ताच सगळ्या बाटल्या आत घातल्या."

पलीकडे आईनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "अरे, मग रड की. थोडं माझ्यासाठी रड, थोडं तिच्यासाठी. मला राग नाही यायचा, पोरानं जिवापाड वाढवलेली होती. फक्त रडून झालं की तिथे बसून राहू नकोस. घरी ये, पानं वाढून ठेवलीयत."